हाथीखाना ते नैरोबी : पोरकी हत्तीची पिल्लं वाढवणारी माणसं



बडोद्यातल्या जुन्या जागांच्या नावांवर आपल्याकडे मध्यंतरी बरीच चर्चा झाली, त्यात हाथीखान्याचं नाव निघालं. आज तिथे धान्याचा घाऊक बाजार आहे, गोण्या उतरतात, टेंपो अडतात. पण नाव सांगतं की तिथे एकेकाळी गायकवाड सरकारचे हत्ती बांधलेले असत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) बडोद्यात हत्तींची साठमारी होई. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ती पाहून तिचं वर्णन लिहून ठेवलंय. माहूत, अंकुश, साखळदंड, अंबारी, झूल हे शब्द आपल्या मराठीत मुरलेत ते या दरबारी इतिहासामुळेच.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. हत्ती एकदा माणसाच्या हाती आला की तो कायमचा माणसाचा. आज मी जे लिहितोय ते याच्या बरोबर उलट आहे. हत्तीचं पिल्लू पदराखाली घ्यायचं, रात्र रात्र जागून वाढवायचं, आणि मग त्याने आपल्याला सोडून जावं म्हणून दहा-दहा वर्षं खटपट करायची. हे काम केनियात गेली कित्येक दशकं चाललं आहे.

केनिया म्हटलं की लांबचा देश वाटतो, पण आपल्याला तो इतका परका नाही. बडोदे, सुरत, नवसारीकडच्या किती घरांतली माणसं नैरोबी-मोंबासाला गेली. गोव्याची कितीतरी मंडळी तिकडे सरकारी कचेऱ्यांत कारकून होती, कोणी शिंपी, कोणी खानसामे. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, तिच्यावर राबायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच दगावले. ही रेल्वे ज्या 'त्सावो' भागातून जाते, तिथल्या नरभक्षक सिंहांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. आपली आजची गोष्टही त्याच त्सावोत सुरू होते.

आणखी एक धागा आहे, तो तितकासा सुखाचा नाही. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून मोठ्या प्रमाणावर मुंबईला येई. आफ्रिकेचा दात मऊ, बांगड्या कोरायला सोपा. गुजरात-राजस्थानकडच्या नवरीच्या हातातला चुडा त्यातून होई. म्हणजे तिकडे हत्तीण पडायची आणि इकडे लग्नघरात चुडा भरायचा. आपल्याकडे आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली ती थेट १९९१ साली, वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा.

१९४८ साली त्सावोचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच्या पूर्व भागाचे पहिले वॉर्डन होते डेव्हिड शेल्ड्रिक. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ते जंगल उभं केलं. १९६० साली त्यांचं लग्न डॅफ्नी यांच्याशी झालं. डॅफ्नीबाईंचा जन्म केनियातलाच, १९३४ चा. आई मेलेली पिल्लं यांच्या अंगणात येऊ लागली. गेंडा, झेब्रा, म्हैस, हरणं आणि हत्ती. दोनेक वर्षांची हत्तीची पिल्लं जगत, कारण ती पाला खाऊ शकत. एलेनॉर नावाची हत्तीण तर पुढे मोठी होऊन बाकीच्या पोरक्यांची आईच झाली.

अडचण होती ती अगदी तान्ह्यांची. हत्तीण २२ महिने गर्भ वाहते, पिल्लू जन्मतःच शंभरेक किलोचं असतं, पण निदान दोन वर्षं त्याला आईचं दूध लागतंच. गाईचं दूध दिलं की त्यातली चरबी पचत नाही, हगवण लागते आणि चार दिवसांत पिल्लू जातं. बाईंनी नाना प्रकार केले. साय काढलेलं दूध, लोण्याचं दूध, वेगवेगळ्या पावडरी. शेवटी माणसाच्या बाळाला देतात त्या दुधाच्या पावडरीत दुधाच्या चरबीऐवजी नारळाचं तेल असलेला एक प्रकार चालला. हत्तिणीच्या दुधातल्या चरबीला सर्वांत जवळचं निघालं ते आपलं खोबरेल! हे सगळं नीट बसायला २८ वर्षं लागली असं सांगतात.

या दुधावर वाढलेली एक तान्ही हत्तीण होती, आयेशा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. डॅफ्नीबाई हाच तिचा कळप. त्या जातील तिथे ही मागे. आयेशा सहा महिन्यांची झाली आणि बाईंना मुलीच्या लग्नासाठी नैरोबीला जावं लागलं. थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. दूध तेच, वेळ तीच, सांभाळणारी माणसंही होती. पण आयेशाने खाणं सोडलं आणि ती गेली.

बाईंनी पुढे आयुष्यभर हे सांगितलं, लिहिलं. पिल्लाला एकाच माणसाचा लळा लागू देणं ही आपली चूक होती, असं त्यांचं म्हणणं. दुधाचं कोडं सुटलं तरी अर्धंच काम झालं होतं. उरलेलं अर्धं आयेशाने शिकवलं. पिल्लाला माणूस चोवीस तास हवा, पण तो एकच माणूस असता कामा नये. आज तिथे जी पद्धत आहे ती सगळी या एका वाक्यावर उभी आहे.

१९७६ च्या अखेरीस डेव्हिडसाहेबांची त्सावोहून नैरोबीला बदली झाली आणि काही महिन्यांतच, १९७७ साली, हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या नावाने ट्रस्ट निघाला आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बाईंनी पिल्लांची नर्सरी उभी केली. काळ भयंकर होता. १९७३ च्या सुमारास केनियात १ लाख ६७ हजारांच्या आसपास हत्ती होते, ते १९८९ पर्यंत सुमारे १६ हजारांवर आले. शिकारी मोठे दात असलेली हत्तीण मारत, पिल्लाला दात नाहीत म्हणून सोडून देत. १९८७ मध्ये ओल्मेग नावाचं तान्हं पिल्लू या नर्सरीत जगलं, वाढलं. त्याच सुमारास आलेला डिका शिकाऱ्यांपासून पळताना काटेरी झुडपांतून गेला होता, त्याच्या सबंध अंगात काटे रुतलेले होते. काटे निघाले, पण तो कित्येक महिने उदासच होता. जुलै १९८९ मध्ये केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला आणि त्यानंतर जागतिक व्यापारबंदी आली. पिल्लं मात्र येतच राहिली. कधी शिकारीमुळे, कधी दुष्काळामुळे, कधी विहिरीत पडून.

आता त्यांचा दिवस कसा जातो ते सांगतो. माझ्या दृष्टीने खरा इतिहास तिथेच आहे.

पहाटे सहाच्या सुमारास लाकडी खोल्यांची दारं उघडतात. प्रत्येक लहान पिल्लाची खोली वेगळी, आणि त्याच खोलीत वरच्या फळीवर सांभाळणाऱ्याचं अंथरूण. अगदी तान्ह्यांना दर तीन तासांनी दूध, दिवसा आणि रात्रीही. मध्यरात्री, पहाटे तीनला उठायचं, बाटली पाजायची. अंगावरचं घोंगडं सरकलं असेल तर पुन्हा घालायचं, कारण आईच्या पोटाखालची ऊब नाही आणि पिल्लांना न्यूमोनिया चटकन होतो. काही पिल्लं आपल्या माणसाला झोपू देत नाहीत, सोंडेने पांघरूण ओढतात. आपल्याकडच्या आजीला हे निराळं सांगायला नको.

सकाळी सगळी जंगलात निघतात. हिरव्या कोटातली माणसं बरोबर असतात. दूध पिताना पिल्लाला सोंड आईच्या अंगाला टेकवायची सवय असते, म्हणून दोन झाडांच्या मध्ये घोंगडी टांगतात. पिल्लू तिला सोंड टेकवतं आणि माणूस मागून बाटली धरतो. ऊन चढलं की तान्ह्यांवर छत्री, कानांना उन्हाचं मलम. पावसात अंगावर रेनकोट. आई जे दाखवते ते माणसाने दाखवायचं. कोणता पाला खायचा, माती अंगावर कशी उडवायची. सोंड नीट वापरायला काही महिने जातात, तोवर ती पुढे लोंबणारी एक अडचणच असते. पाणी प्यायला पिल्लू गुडघे टेकून तोंडच लावतं. मोठ्या हत्तींची लीद थोडी थोडी खाऊ देतात, पोटात पचनाचे जंतू त्यातूनच जातात. दात येण्याचा काळ फार नाजूक. तेव्हा चांगली दिसणारी पिल्लंही जातात. मग तीच माणसं खड्डा खणतात आणि संध्याकाळी दुसऱ्या पिल्लाला बाटली पाजतात.

दुपारी अकरा ते बारा चिखलात लोळण्याचा कार्यक्रम. याच वेळात बाहेरच्या माणसांना पाहू देतात. निवृत्तीनंतर आम्ही नैरोबीला मेहुण्यांकडे गेलो होतो तेव्हा हा तास पाहिला. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पिल्लं. एक जण फावड्याने लाल माती पिल्लाच्या पाठीवर टाकत होता, दुसऱ्याचं बोट एक पिल्लू चोखत उभं होतं. मेहुण्यांनी स्वाहिलीत विचारलं, यातलं तुमचं कोणतं? तो हसला. त्याचं म्हणणं, आज रात्री ज्याच्याकडे पाळी असेल ते.

पाच वाजता सगळी धावत परत येतात. खरंच धावत, कारण बाटल्या तयार असतात. नवीन आलेलं पिल्लू पहिल्या दिवसांत माणसावर धावून जातं, त्याच्या डोळ्यादेखत माणसांनीच आईला मारलेलं असतं. त्याला शांत करतात ती मुख्यतः बाकीची पोरकी पिल्लंच. ती माणसाजवळ निर्धास्त उभी आहेत हे पाहून ते हळूहळू जवळ येतं. या सगळ्याची रोजची डायरी सांभाळणारी माणसं लिहितात. कोणी काय खाल्लं, कोण कोणाशी भांडलं, कोण गप्प होतं. मला आमचा शाखेतला रोजमेळ आठवला. तिथे पैशाचा हिशेब असायचा, इथे मनाचा.

रात्रीची माणसं आळीपाळीने बदलतात ती आयेशामुळे. बँकेतही आम्ही टेबलं बदलायचो, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायचो. त्यामागे अविश्वास होता. इथे तीच पद्धत मायेपोटी आहे. एक माणूस आजारी पडला, रजेवर गेला, नोकरी सोडून गेला, तरी पिल्लाचं जग कोसळू नये. आपण सगळे बदल्यांच्या नोकऱ्यांवर वाढलेले लोक. वाड्यातल्या काकू, मावशी, समोरची वहिनी अशा चार बायकांच्या हातून वाढलेलं मूल आई बाळंतपणाला गेली तरी फार रडत नसे, हे आपण पाहिलंय. एकाच्याच कडेवर वाढलेलं मूल ताप काढायचं.

साधारण तीन वर्षांची झाली की पिल्लं त्सावोला जातात. आधी काही दिवस दूध ट्रकमध्येच पाजतात, म्हणजे ट्रकची भीती मोडते. त्सावो भागात व्होई, इथुंबा आणि किब्वेझीच्या जंगलातलं उमानी स्प्रिंग्ज अशी ठाणी आहेत. दिवसा मोकळं रान, रात्री कुंपणात. जंगली कळप पाण्यावर येतात, ओळख होते. एखादा दिवशी परत येत नाही, पुन्हा येतो, मग आठवडा, मग महिना. कोणी आठ वर्षांत जातं, कोणी दहा. कोणी जबरदस्तीने घालवत नाही आणि कोणी अडवतही नाही.

मुदुमलईच्या तेप्पकाडू छावणीतल्या रघूची गोष्ट आपण 'द एलिफंट व्हिस्परर्स'मध्ये पाहिली, २०२३ मध्ये तिला ऑस्कर मिळालं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. तिथेही बोम्मन आणि बेल्ली यांची माया तितकीच खरी, रघूला दुसऱ्याकडे दिल्यावरचं त्यांचं दुःखही खरं. पण छावणीतला हत्ती सहसा छावणीतच राहतो. आपल्या हाथीखान्याच्या परंपरेतलीच ती प्रेमळ बाजू म्हणा. केनियातली पद्धत वेगळ्या टोकाची आहे. तिथे यश म्हणजे विसरला जाणं.

पण ते विसरतही नाहीत. डॅफ्नीबाई २०१८ साली गेल्या तोवर दोनशेहून अधिक पिल्लं वाढली होती, आज तो आकडा तीनशेच्या वर आहे. जंगलात गेलेल्या हत्तिणींना स्वतःची पिल्लं झाली, तीही पन्नासहून अधिक. इथुंबाची यट्टा २०१२ साली व्याली. या हत्तिणी नवजात पिल्लू घेऊन ठाण्यावर येतात, आपल्याला वाढवलेल्या माणसांच्या जवळ त्याला उभं करतात, थोडा वेळ थांबतात आणि परत रानात जातात. जखमी हत्तीही मदतीला ठाण्यावर येतात, कधी पूर्वी कधीच माणसात न राहिलेल्या जंगली हत्तीला सोबत घेऊन.

पुस्तकांत नाव शेल्ड्रिकांचं येतं, ते योग्यच आहे. पण तीनला उठून बाटली पाजणारे हात केनियातल्या निरनिराळ्या जमातींच्या साध्या, पगारी माणसांचे आहेत. मिशाक न्झिंबींसारख्या एखाद्याचं नाव आपल्यापर्यंत पोचतं, बाकीच्यांची पोचत नाहीत. दरबारी इतिहासातही महाराजांचं नाव राहिलं, हत्तीचंही कधीकधी राहिलं, माहुताचं कुठे राहिलं?

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरात हाथीखान्यातल्या माहुतांच्या, किंवा ग्वाल्हेर-इंदूरच्या सरकारी हत्तींजवळ काम केलेल्या माणसांच्या आठवणी असतील, तर नावानिशी लिहा. आफ्रिकेत राहिलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रं ट्रंकेत असतील तर तीही काढा. आपली पिढी आहे तोवर हे लिहून ठेवलेलं बरं.