स्वस्त सर्व्हर आणि विश्वासाची प्रमाणं

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने सर्व्हरच्या भावात कशाला पडावं? कारण साधं आहे. एखादं वाचनालय, बंद पडलेलं नियतकालिक, दोन-चार माणसांची संशोधन संस्था यांना आपले स्कॅन केलेले अंक कुठेतरी ठेवायचे असतात. खिशात पैसे कमी, म्हणून वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळणारा आभासी सर्व्हर घेतला जातो. मूळ कागद तोवर वाळवीने खाल्लेले असू शकतात. विकणाऱ्यावर टाकलेला विश्वास चुकला तर नुकसान मग हजार रुपयांवर थांबत नाही. हा विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, ते आपण या धंद्याच्या इतिहासातून पाहू.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. एका खऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग करायचे आणि प्रत्येक भागाला असं भासवायचं की सगळं यंत्र आपलंच आहे. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या केंद्रात 1960 च्या दशकात त्यावर काम झालं आणि 1972 मध्ये व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर झाली. त्या काळी वापरणारा आणि यंत्र सांभाळणारा बहुतेक वेळा एकाच संस्थेतले असत. तक्रार असली तर जिना उतरून मशीनरूममध्ये जायचं आणि विचारायचं. अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न उभा राहिला या शतकात. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात झेन ही प्रणाली तयार झाली. 2005 मध्ये ओपनव्हीझेड आली, 2007 मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. ही सगळी सॉफ्टवेअर फुकट होती. आता कोणीही एक यंत्र महिन्याच्या भाड्याने घेऊन त्याचे तुकडे विकू शकत होता. तयार कंट्रोल पॅनल घ्या, बिलाचं सॉफ्टवेअर जोडा, एक छानशी वेबसाइट टाका, झाली कंपनी. शाळेच्या सुट्टीत सुरू होऊन शाळा उघडल्यावर गायब होणाऱ्या अशा दुकानांना या व्यवसायात ‘समर होस्ट’ हे नावच पडलं.

ओपनव्हीझेडमध्ये सगळे ग्राहक एकच कर्नल वापरतात. त्यामुळे सोळा जीबी मेमरीच्या यंत्रावर चाळीस ग्राहकांना प्रत्येकी एक जीबी ‘देणं’ अगदी सोपं. याला ओव्हरसेलिंग म्हणतात. यात मुळातच लबाडी आहे, असं आम्ही म्हणणार नाही. बँकही सगळ्यांच्या ठेवी तिजोरीत ठेवत नाही. सगळे एकाच वेळी मागायला येणार नाहीत, या अंदाजावर दोन्ही चालतात. लबाडी सुरू होते ती अंदाज लपवला की. त्या काळच्या जाहिरातींत ‘बर्स्ट रॅम’ असा मोठा आकडा असे, आणि हमीचा आकडा त्याहून बराच लहान. गंमत म्हणजे, खरं काय ते यंत्रच सांगत होतं. ओपनव्हीझेडमध्ये ‘यूजर बीनकाउंटर्स’ नावाची एक फाइल असे. मेमरी मागितल्यावर किती वेळा नकार मिळाला, याचा हिशेब तिच्या शेवटच्या रकान्यात दिसे. पुरावा ग्राहकाच्या हातात होता. तो उघडून पाहणारे थोडे.

आता दोन घटना. जून 2009 मध्ये ब्रिटनमधल्या व्हीएसर्व्ह या स्वस्त होस्टिंग कंपनीच्या यंत्रांत हल्लेखोर शिरले आणि त्यांनी माहिती पुसून टाकली. सुमारे एक लाख संकेतस्थळांना फटका बसल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. संशय गेला तो बंगळूरूत तयार झालेल्या हायपरव्हीएम या कंट्रोल पॅनलवर, जरी हल्ल्याच्या वाटेबद्दल वेगळे दावेही झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुढेच आहे. जवळपास निम्म्या ग्राहकांनी ‘अनमॅनेज्ड’ सेवा घेतली होती आणि तिच्यात बॅकअप नव्हता. म्हणजे विक्रेत्याने खोटं सांगितलं नव्हतं. ग्राहकांनी मात्र न दिलेलं वचन मनातल्या मनात ऐकलं होतं.

दुसरी घटना जून 2013 ची. सोलसव्हीएम या दुसऱ्या पॅनलमधली त्रुटी जाहीर झाली आणि अमेरिकेतली रॅमनोड ही लहान कंपनी तिच्यात सापडली. ग्राहकांचा डेटा गेला. पण कंपनी सावरली आणि पुढे अनेक वर्षं चालली. कमी किमतीच्या, उसन्या पॅनलवर उभ्या असलेल्या सगळ्याच कंपन्या पहिल्या धक्क्यात बुडतात, असं नाही.

त्याच वर्षी भावाचं गणित बदललं. डिजिटलओशनने महिना पाच डॉलरला 512 एमबी मेमरी आणि 20 जीबी एसएसडी द्यायला सुरुवात केली. भांडवल असलेली कंपनी इतकी खाली आल्यावर लहानांना आणखी खाली जाणं भाग पडलं: वर्षाला दहा-पंधरा डॉलर, तेही आगाऊ. इथे एक हिशेब मांडून बघा. आयपीव्ही4 पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. फेब्रुवारी 2024 पासून अ‍ॅमेझॉन नुसत्या एका सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. लहान विक्रेत्याला पत्ता याहून पुष्कळ स्वस्त पडतो, हे मान्य. तरी वर्षाला दहा डॉलरमध्ये पत्ता, वीज, जागा, यंत्र आणि रात्री दोन वाजता उत्तर देणारा माणूस कसा बसतो, हे विचारायलाच हवं. जुन्या यंत्रांचं भाडं नव्या ग्राहकांच्या आगाऊ पैशातून जात असेल, तर नवे ग्राहक थांबले की दिवे विझतात.

आता प्रमाणांकडे येऊ. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं. त्यांपैकी तीन आपल्याला इथे पुरतात.

प्रत्यक्ष: वर्षाचे पैसे भरण्याआधी एक महिना वापरून पाहा. ‘टॉप’ ही आज्ञा चालवली की ‘एसटी’ नावाचा आकडा दिसतो. आपल्या वाट्याचा प्रोसेसर शेजारी किती वेळ वापरतात, हे तो सांगतो. केव्हीएम किंवा झेनवर तो सतत वर असेल तर गर्दी झाली आहे.

अनुमान: वरचा हिशेब. शिवाय कंपनी किती वर्षं जुनी, तिची नोंदणी कुठे, पत्ते कोणाच्या नावावर, हे सार्वजनिक नोंदींत बरंचसं सापडतं. ब्रिटनच्या कंपनी नोंदी तर फुकट पाहता येतात.

शब्द: विक्रेत्याचं वचन. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या दोन अटी सांगितल्या. त्याला विषयाचं स्वतःचं ज्ञान असावं, आणि जे जसं जाणलं ते तसंच सांगण्याची इच्छा असावी. असा माणूस ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना एकच. हे इथे चपखल बसतं. यंत्र स्वतःचं आहे की तिसऱ्याकडून घेतलेलं, डेटा सेंटर कुठलं, बॅकअप कोणत्या इमारतीत, हे विक्रेत्याला ठाऊक आहे का, ही ज्ञानाची परीक्षा. सेवा बंद पडल्यावर त्याने काय आणि किती लवकर सांगितलं, ही इच्छेची. सगळं सुरळीत असताना सगळेच गोड बोलतात. म्हणून कंपनीच्या वाईट दिवसाची नोंद तिच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

म्हणून मोठं नाव घ्यावं का? 10 मार्च 2021 च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळून गेली. काही ग्राहकांचे बॅकअप त्याच जागेत होते. 2023 मध्ये लिलच्या व्यापारी न्यायालयाने अशाच एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायालय भरपाई देतं, फाइल परत देत नाही.

तेव्हा या इतिहासाचं सार एवढंच. एखादा विक्रेता विश्वासू आहे का, याचं उत्तर कधीच पूर्ण मिळत नाही. त्यामुळे कशासाठी आणि कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, ही मर्यादा आपणच आखायची. स्वस्त सर्व्हर जरूर घ्यावा. चाचणीला, वाचकांना अंक दाखवायला तो उत्तम. मात्र दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या गावात असावी, आणि एक घरच्या हार्ड डिस्कवर. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून पाहावं, कारण न तपासलेला बॅकअप हासुद्धा फक्त शब्दच आहे. इतकं केलं की विक्रेता उद्या गायब झाला तरी गमावतो ते हजार रुपये आणि एक दुपार.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.