पैठणचं चित्र, पिंगुळीचा गळा

बालवाडीतल्या ताई गोष्टीचं पुस्तक वाचतात तेव्हा जरा नीट बघा. चित्रं मुलांकडे, पुठ्ठा स्वतःकडे. मजकूर तिरक्या नजरेनं वाचायचा, नाहीतर तो पाठच असतो. पालुपद आलं की अख्खा वर्ग ओरडतो, आणि पान उलटण्याआधी ताई हटकून थांबतात. ही रीत इंग्रजी शाळेबरोबर इकडे आली असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला तर पटूच नये, कारण या रीतीचे दोन जुने पत्ते आपल्याच जिल्ह्यात सापडतात: अजिंठा आणि पैठण.

छापील चित्रपुस्तक बाहेरून आलं, याबद्दल वाद नाही. कोमेनियसचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ सालचं, कॅल्डिकॉटची चित्रपुस्तकं १८७८ पासूनची. मग आपल्याकडे ताराबाई मोडकांच्या बालवाड्या आणि विंदा, पाडगावकरांच्या बालकविता. हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा सवाल चित्र समोर धरून तालात गोष्ट सांगण्याच्या सवयीचा आहे.

ती सवय आजही जिवंत आहे सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला इथे पोथी म्हणतात. कागद साधारण फूटभर उंच, सव्वा फूट रुंद. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग तयार. त्यावर अक्षर एक नाही. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं सगळी कथा गळ्यातून येते. युद्धाच्या चित्रात दोन वीर एका अंगानं रेखलेले, डोळे मात्र टपोरे, आणि मधे बाणांची दाटी. बाण लागला की नाही ते पुढच्या पानावर, म्हणजे गाणाऱ्याच्या मर्जीवर. ताईंचं थांबणं ते हेच.

आता खरी गंमत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासह अनेक ठिकाणी जपलेल्या या चित्रांना अभ्यासक ‘पैठण चित्रं’ म्हणतात. पिंगुळी कुठे, पैठण कुठे! एक पक्ष म्हणतो, काही पोथ्या पैठणात हाती लागल्या म्हणून नाव चिकटलं. बाकी सगळा खेळ सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाचा. दुसरा पक्ष चित्रांकडे बोट दाखवतो: हे टपोरे डोळे, हे बाजूनं काढलेले चेहरे आंध्र-कर्नाटकातल्या चामड्याच्या बाहुल्यांचे आहेत, आणि पिंगुळीचे ठाकर त्या बाहुल्याही नाचवतात. म्हणजे मूळ दक्षिणेत, पैठण निव्वळ लेबल.

दुसऱ्या पक्षाचं निरीक्षण मला मान्य, निष्कर्ष नाही. दक्षिणेतून आलेली गोष्ट कोकणात उतरण्याआधी घाटावर मुक्काम करणारच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याची दखल घेतली आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवरचं. आणि गोदाकाठचं पैठण सातवाहनांपासून व्यापाराच्या वाटेवर. एकनाथांनी त्याच गावात भारुडं रचली. सोंग, संवाद आणि ठेका यांची चटक तिथल्या श्रोत्यांना आधीच असणार. हाती असलेल्या पोथ्या मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, आणि मधली सहाशे वर्षं रिकामी आहेत. ती मी अंदाजानं भरतो, आणि तो अंदाज मला लेबलाच्या कथेपेक्षा जास्त पटतो.

अजिंठ्याचा दुवा याहून भक्कम आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचं, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं, मोठं चित्र आहे. मूलसर्वास्तिवादी या बौद्ध पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, आज्ञा आहे की असं चक्र विहाराच्या दारात काढावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते समजावून सांगायला एक भिक्षू नेमावा. चित्रापुढे उभा राहून बोलणारा, पगाराविना का होईना, नेमणुकीचा माणूस! व्हिक्टर मेअर या अभ्यासकानं १९८८ मध्ये असं मांडलं की चित्रावरून कथा गाण्याची चिनी प्रथा मुळात भारतातून गेली. जपानात देवळांतलं एतोकी, म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणं, आहे. १९३० च्या आसपास तोक्योच्या गल्ल्यांत सायकलवरून मिठाई विकणारे कामिशिबाईची, म्हणजे कागदी नाटकाची, चित्रं दाखवू लागले. कामिशिबाईत मजकूर चित्राच्या मागच्या बाजूला लिहिलेला असतो. चित्रकथ्याच्या पानामागे दुसरं चित्र असतं. माझ्या मते आपला गडी वरचढ, कारण त्याला मागे डोकवायची सोयच नाही.

एक विनंती. पैठण, गंगापूर, वैजापूर या भागात कुणाच्या माळ्यावर पाठीला पाठ चिकटवलेल्या चित्रांचा गठ्ठा असेल, तर तो रद्दीत घालू नका. आधी एखाद्या जाणकाराला किंवा संग्रहालयाला दाखवा. मधल्या सहाशे वर्षांतलं एखादं पान त्यात निघू शकतं.