सूर्यनमस्काराचा औंधी पाठ

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. शहराच्या या पूर्व कडेला आता इतर उपनगरांप्रमाणेच एक प्रश्न ऐकू येतो: दीर्घकाळ निरोगी राहायचे तर योग करावा, कार्डिओ करावा, की दोहोंची सांगड घालावी? या प्रश्नात योग आणि हृदय-फुप्फुसांना चालना देणारा व्यायाम हे दोन वेगळे कप्पे मुळातच आहेत, असे गृहीत धरलेले असते. आमच्या मते हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे, कारण या दोहोंच्या संयोगाचा एक आराखडा शंभर वर्षांपूर्वी मराठीतच मांडला गेला होता, आणि तो 'व्यायाम' या शब्दाखाली. त्यासाठी औंधला जावे लागते. अर्थात पुणे विद्यापीठापलीकडच्या औंधला नव्हे, तर सातारा जिल्ह्यातील जुन्या संस्थानाच्या औंधला.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे. १९१८ साली भांडारकर संस्थेला त्यांनी या कार्यासाठी एक लक्ष रुपयांचे वचन दिले होते. चित्रकार आणि कीर्तनकार म्हणूनही त्यांची ख्याती होती. व्यायामाच्या बाबतीत मात्र हा राजा आरंभी परंपरानिष्ठ नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. यूजेन सँडो या युरोपातील प्रख्यात बलोपासकाची पुस्तके आणि साधने मागवून त्याने काही वर्षे त्या पद्धतीची मनोभावे उपासना केली. पुढे तो सूर्यनमस्काराकडे वळला, तेव्हा सँडोशी तुलना करण्याची दृष्टी त्याच्यापाशी आधीच होती. साधने लागत नाहीत, जागा थोडी पुरते, पैसा लागत नाही, स्त्री-पुरुष-मुले सर्वांना करता येतो: त्याचा युक्तिवाद हा असा व्यवहारी आहे. त्याला बीजमंत्रांची जोड आहे, पण मंत्रांचे समर्थनही तो उच्चारातील कंपनांच्या शारीरिक परिणामाने करू पाहतो. संस्थानातील शाळांत त्याने नमस्कार सुरू केले आणि विसाच्या दशकात त्यावर पुस्तके लिहिली.

या लेखनाचा शब्दव्यवहार पाहण्यासारखा आहे. श्वसन, रुधिराभिसरण, पचन यांना रोजची चालना आणि ती आयुष्यभर, हा त्याचा गाभा. मोक्ष, समाधी, चित्तवृत्ती यांची भाषा तेथे जवळपास नाही. नमस्कारातली अंगे आखाड्यातील दंडाशी नाते सांगणारी आहेत. हठयोगाच्या जुन्या परंपरेचे मत तर याहून उलट दिसते. हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदाने एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या 'ज्योत्स्ना' टीकेत, योग्याने टाळावयाच्या कायक्लेशांचे उदाहरण म्हणून भाराभर सूर्यनमस्कारांचाच उल्लेख येतो! आज जो 'योगाचा प्राण' म्हणून शिकविला जातो, तो टीकाकाराला योगसाधनेतील विघ्न वाटत होता. सूर्योपासना प्राचीन आहे, साष्टांग नमस्कारही प्राचीन आहे. परंतु योगवर्गातील आजचा क्रम पाच हजार वर्षांचा आहे असे सांगणे म्हणजे, महाभारताच्या संपादकांच्या भाषेत, प्रक्षेपाला मूळ संहिता म्हणणे होय.

दुसऱ्या बाजूने हीच भिंत ओलांडणारे गृहस्थ होते स्वामी कुवलयानंद. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे देशी व्यायामाचे शिक्षण घेतलेल्या या साधकाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले. त्यांच्या १९३६ सालच्या पुस्तकाचे शीर्षकच बोलके आहे: 'यौगिक संघव्यायाम'. राजाने व्यायामाला मंत्राची जोड दिली; स्वामींनी योगाला कवायतीच्या मैदानात उभे केले. मग या दोघांनी जोडलेले आपण पुन्हा केव्हा तोडले?

आमचा तर्क असा की याचे एक कारण भाषांतरात आहे. १९३८ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली राजाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग आहे, योग नाही. (औंधच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या, आज बारा मोजण्याचा प्रघात आहे.) राजाचे पुत्र अप्पा पंत यांनीही १९७० च्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकात सूर्यनमस्काराला 'व्यायाम' असेच म्हटले. पण तोवर जगाच्या बाजारात 'योग' हा शब्द इतका मोठा झाला होता की नमस्कार त्याच्या पोटात गेला, आणि धाप लागण्याचा भाग इंग्रजी 'कार्डिओ'कडे सोपविला गेला.

शरीरशास्त्राला मात्र नावांशी कर्तव्य नाही. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये हठयोगाच्या सरासरी सत्राचे मापन झाले. सबंध सत्राचा श्रम ताशी ३.२ किलोमीटर चालण्याइतका हलका निघाला. त्यातील सूर्यनमस्कारांचा भाग मात्र अधिक श्रमाचा होता, आणि तो दहा मिनिटांहून अधिक चालल्यास हृदयाच्या क्षमतेला उपयोगी पडू शकेल असा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आहे, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम. एका आसनात दीर्घ श्वास घेत स्थिरावणारा नमस्कार आणि दहा-बारा सेकंदांत पुरा होणारा नमस्कार या हृदयाच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. औंधच्या पद्धतीत भर संख्येवर आणि नित्यतेवर होता, हे या संदर्भात महत्त्वाचे ठरते.

राजाचे सगळेच दावे स्वीकारावेत असे आम्ही म्हणत नाही. नमस्काराने जवळपास सर्व व्याधी हटतात हा त्याचा उत्साह कीर्तनकाराचा आहे, वैद्याचा नव्हे. गुडघे दुखणाऱ्या वा रक्तदाब असलेल्या माणसाने शेकड्यांनी नमस्कार घालण्यापेक्षा झपझप चालणे आणि काही निवडक आसने करणे केव्हाही बरे. त्या सांगडीला 'योग अधिक कार्डिओ' म्हणावयाचे की नुसता व्यायाम, हे मांजरीतल्या वर्गाच्या पाटीवर काय लिहायचे एवढ्यापुरतेच उरते. औंधच्या शाळांत मात्र तो व्यायामाच्या तासाचा भाग होता.