टोपल्याला हात

साल 1631, वैशाखातली टळटळीत दुपार. तुम्ही फुलंब्रीजवळ गिरिजा नदीच्या पात्रात उभे आहात. म्हैसमाळकडच्या डोंगरातून निघून पूर्णेला भेटायला जाणारी ही नदी आज वाहत नाही. माणसांनी वाळू उकरून जागोजागी झिरे काढलेत, पण आता त्यांच्या तळालाही ओल नाही. गेल्या पावसाळ्यात मृगापासून हस्तापर्यंत एकही नक्षत्र धड बरसलं नाही. पेवं रिकामी, दावणी रिकाम्या.

काठावरच्या वाटेनं माणसं निघालीत. कुठं जायचं ते त्यांनाही ठाऊक नाही. मलिक अंबरला जाऊन पाच वर्षं झाली, निजामशाही मोडकळीला आलीय आणि शहाजहानचा तळ बुऱ्हाणपुरात पडलाय. तिकडून अजिंठ्याच्या घाटानं दौलताबादेकडं येणारी वाट याच मुलखातून जाते. दुष्काळातून जो दाणा वाचला, त्यावर फौजांचा डोळा. तुमच्यापाशी पुढच्या चार शतकांची माहिती आहे, पण ओंजळभर ज्वारी नाही. समोरची बाई लेकराला कडेवर घेऊन निघून जाते. तुम्ही तिला काही देऊ शकत नाही.

याच दुष्काळात तिकडं इंद्रायणीकाठी, देहूला, विशी नुकती ओलांडलेला एक वाणी उद्ध्वस्त झालाय. दुकान बुडालं, गुरंढोरं गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. पुढं सगळा महाराष्ट्र ज्यांना तुकोबा म्हणणार, तेच हे. या तडाख्यातून उठल्यावर ते काय करतात, ते नीट बघा. गावातलं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलंय, ते दुरुस्त करायला घेतात. आणि परंपरा सांगते, की ज्यांनी कर्ज घेतलं होतं त्यांची खतं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत सोडून देतात. स्वतःचं घर बुडालेलं असताना दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवतात.

देवावरचा भरवसा म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करावी लागते. त्या भरवशानं पाऊस आणला नाही, गेलेली माणसं परत आणली नाहीत. पण सगळं गेल्यावरही तुकोबांचे हात कामाला लागले आणि मन आंबलं नाही. दुष्काळात माणूस उपासमारीनं मरतो, तसा आतून दगड होऊनही मरतो. त्या दुसऱ्या मरणातून ते वाचले.

आता पुढं या. साल 1973, मे महिना. पात्र तेच, कोरडंही तसंच. 1972 च्या पावसाळ्यानं मराठवाड्याकडं पाठ फिरवली, त्याला आता वर्ष होत आलंय. विहिरींच्या तळाशी अजून थोडंफार पाणी आहे, पण घरात दाणा नाही. मात्र 1631 सारखी शांतता या वेळी नाही. औरंगाबादहून हर्सूल, सावंगी, चौका मागं टाकत अजिंठ्याकडं जाणारी सडक धरून चाला. दूरवरून एकसारखी टकटक ऐकू येते. शेकडो हातोड्यांची.

दुष्काळी काम सुरू आहे. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव, कुठं नाला अडवायचं काम. राज्यात या महिन्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर आहेत. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा साधारण 5 कोटी, म्हणजे दहातला एक माणूस दगड फोडतोय नाहीतर माती वाहतोय. यात भूमिहीन आहेत, तसे वीस-पंचवीस एकरांचे धनीही आहेत. कालपर्यंत ज्यांच्या वाड्यावर गडी होते, ते आज हजेरीपटावर नाव लावायला रांगेत उभे आहेत. उंबऱ्याबाहेर कधी न पडलेल्या बायका डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून खडी फोडायला बसल्यात.

त्यातल्या एकीजवळ बसा. तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं दगडाभोवती धरलंय, म्हणजे कपच्या उडून डोळ्यात जात नाहीत. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधल्यात, तरी अंगठ्याचं नख काळं पडलंय. तिचा ढीग संध्याकाळी मोजला जाईल आणि मापावर मजुरी ठरेल. आठवड्याचा पगार कधी वेळेवर होतो, कधी लांबतो. मग वाण्याकडं उधारी. ती बोलत नाही. हातोडा पडत राहतो.

पलीकडं मुरूम वाहणाऱ्या बायकांची रांग आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. साठीची एक आजी भरलेल्या टोपल्याशी उभी आहे आणि तुमच्याकडं बघतेय.

"पाव्हणे, उभे काय राह्यले? हात लावा ना जरा."

तुम्ही वाकता. टोपल्याची एक कड तिच्या हातात, एक तुमच्या. "इठ्ठल" म्हणत ती जोर लावते आणि टोपलं डोक्यावर जातं. ती चालू लागते. परत येते, परत टोपलं भरलं जातं, परत "इठ्ठल". दिवसभरात किती वेळा, ते मोजू नका. एकदा स्वतः करून बघा. भरलेलं टोपलं एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. कमरेपर्यंत येतं, छातीपर्यंत येतं, तिथून वर चढवायला दुसरे दोन हात लागतातच. वाहायचं मात्र ज्याचं त्यालाच असतं. आजीला ओझं दुसऱ्यानं न्यायला नको आहे. ते उचलताना कुणीतरी हात लावायला हवाय, एवढंच.

दुपारी काम थांबतं. लिंबाच्या विरळ सावलीत फडकी सोडली जातात. भाकरी लालसर आहे, मिलोची. अमेरिकेतून आलेली ही ज्वारी रेशनवर मिळते. पिठाला चिकटपणा नाही. थापताना कडा फुटतात, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे पडतात. आपल्या पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्या तोंडाला ती रुचत नाही, पण ती आहे म्हणून चूल पेटते. लेकरांच्या हातात सुकडी आहे. काहींच्या फडक्यात फक्त मीठ-मिरची आहे.

एक तरणी बाई भाकरीला हात लावत नाही. परवा तिच्या नवऱ्यानं बैलजोडी मिळेल त्या भावात विकली.

"देव आसता तं बैल दावणीला आसते," ती म्हणते.

सगळे गप्प होतात. आजी तिला समजावत नाही, पाप लागेल म्हणून दटावतही नाही. आपली अर्धी भाकरी तिच्या फडक्यावर ठेवते.

"त्याच्यावर रुसायचं आसंल तं रूस. पण उपाशी पोटी रुसू नको, माय."

हे वाक्य सोबत घ्या. मोठमोठ्या प्रवचनांत न सापडणारी गोष्ट त्यात आहे. देवावर रागावणं हेही त्याच्याशी असलेलं नातंच आहे. परक्यावर कुणी रुसत नाही. आणि रुसलेल्या माणसाला आधी भाकरी द्यायची असते, उपदेश नंतर.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर या. आज एकादशी. माणसं थकलीत, तरी जमलीत. हरिपाठ झालाय, आता कीर्तन. उभा राहिलेला कीर्तनकार सकाळी तुमच्याच कामावर दगड फोडत होता. टाळ धरलेल्या बोटांना अजून चिंधी आहे. तो पैठणची गोष्ट सांगतोय. इथून दोन-तीन दिवसांच्या पायी वाटेवर असलेलं, सगळ्यांनी नाथषष्ठीला कधी ना कधी पाहिलेलं पैठण. तिथं एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी आला आणि बारा वर्षं कावडीनं गोदावरीचं पाणी भरत राहिला. तो द्वारकेचा कृष्ण होता, हे नाथांना तो निघून गेल्यावर कळलं. नाथवाड्यातला तो रांजण आजही दाखवतात, आणि भाविक अजून त्यात पाणी घालतात.

मग तो मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांकडं वळतो. दुष्काळात भुकेल्यांसाठी त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार उघडलं आणि गुन्हेगार ठरले. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, काठी-घोंगडी घेऊन दरबारात उभा राहिला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. तिथून जनाबाई. तिच्या जात्याच्या खुंट्याला तिच्यासोबत देवाचाही हात.

पारावरच्या चेहऱ्यांकडं बघा. दिवसभर पाणी, माती, दगड वाहिलेली ही माणसं आहेत. त्यांना सांगितला जाणारा देव सिंहासनावर बसून अर्ज वाचत नाही. तो पाणी भरतो, दळण दळतो, निरोप्या होऊन वाट तुडवतो. आणि प्रत्येक गोष्टीत एक खूण सारखी आहे. नाथांकडं पाहुण्यांसाठी पाणी भरायचं होतं, जनीच्या पुढ्यात दळण होतं, दामाजींनी कोठार आधीच उघडलं होतं. देव आला तो चालू असलेल्या कामाला हात लावायला आला. वारकऱ्यांचा भरवसा असा आहे. टोपलं भरायचं, वाकायचं, नाव घ्यायचं आणि हात लागेल याची खात्री बाळगायची. आपल्या संतांनी सोसलेल्या दुष्काळांनी हे शिकवलं आणि फुलंब्रीच्या पारावरच्या माणसांनी ते खरं करून दाखवलं.

तो हात येतो तेव्हा बहुतेकदा माणसाचाच असतो. आजीला दुपारी तो तुमच्या रूपानं मिळाला, तरण्या बाईला आजीच्या. ज्यांना देव माणसांतून येतो हे पटतं, त्यांची श्रद्धा संकटात टिकते, कारण मग कुणाचीही मदत घ्यायची लाज उरत नाही आणि कुणाला मदत करणं उपकार वाटत नाही.

जूनपर्यंत थांबा. 1973 चा पावसाळा आला आणि चांगला आला. गिरिजेला पाणी आलं. सगळं भरून निघालं असं मात्र नाही. विकलेले बैल आले नाहीत, आणि मुंबई-पुण्याकडं गेलेल्यांतले बरेच तिकडचेच झाले. पण त्या उन्हाळ्यातल्या लाखो टोपल्यांतून एक टिकाऊ गोष्ट उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळात राज्यभर कसाला लागली. 1975 पासून शहरांतल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो या हमीच्या खर्चासाठी. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क. मुंबईतल्या कचेरीत बसलेल्या माणसाचा हात फुलंब्रीतल्या बाईच्या टोपल्याला लागण्याची ती सोय होती. पुढं 2005 मध्ये देशानंही असा कायदा केला. भक्तीतून आलेला शब्द आणि सरकारी कागद यांत मला इथं अंतर दिसत नाही. दोन्हींनी एकच काम केलं.

आता आजच्या वर्षात या. त्याच सडकेवर गाड्यांची रीघ आहे. शिवारात कापूस, मका, अद्रक आहे. घरोघरी मोबाइल आहेत, रेशन आहे. भुकेनं गाव सोडून जावं लागण्याचे दिवस मागं पडलेत. पण 2012-13 च्या दुष्काळात आणि त्यानंतरही याच तालुक्यातल्या गावांनी टँकरची वाट पाहिली. 1972 मध्ये अन्न नव्हतं, आता पाणी पुरत नाही आणि भावाचा भरवसा नाही. बियाणं, खतं, औषधं, बँक, सोसायटी, सावकार, लेकीचं लग्न, लेकराची फी. टोपलं भरलेलंच आहे.

फरक एवढाच, की 1973 मध्ये सगळ्यांची टोपली सगळ्यांना दिसत होती. सगळे एका रांगेत होते, एकाच उन्हात. आज ज्याचं ओझं त्याच्या घरात, दार लावून. पारावर बसणारी माणसं कमी झाली. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. त्यातली कितीतरी माणसं माळकरी होती, देवाला मानणारी होती. त्यांची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणू नये. त्यांनी टोपलं छातीपर्यंत उचललं होतं. तिथं दुसरा हात लागला नाही, ही चूक आजूबाजूच्या आपल्या सगळ्यांची आहे.

म्हणून देवावर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुमचं ओझं जड झालं असेल तर नाव घ्या आणि हाकही मारा. भावाला सांगा, सोयऱ्याला सांगा, भजनी मंडळातल्या सोबत्याला सांगा. मन अगदीच काळवंडलं असेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. असा फोन करणं म्हणजे देवावरचा विश्वास सोडणं नव्हे. आणि तुमचं ओझं आज हलकं असेल, तर गल्लीतला जो माणूस अलीकडं गप्प राहतोय, पारावर येईनासा झालाय, त्याच्या दाराशी आजच जा. प्रवचन करू नका. जेवला का विचारा, बसा, ऐका आणि हात लावा.