तयार कपड्याचें माप

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या कन्येनें मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून घरबसल्या एक कुडता मागविला. चवथ्या दिवशीं पुडकें आलें. रंग चित्रांतल्यासारखाच, कापड चांगलें, शिवणहि बरी. पण खांद्याशीं तो ढगळ आणि कंबरेखालीं इतका घट्ट, कीं बसतां येईना. तो परत गेला. त्याच दुकानाचा एक आंकडा वरचा मागविला, तर त्याचे खांदे दंडावर उतरले. तोहि परत गेला. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या दुकानाचा, पहिल्याच आंकड्याचा कुडता आला. तो सगळीकडेच सैल. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, “बाबा, माझं अंगच वेडंवाकडं आहे, त्याला कोण काय करणार?” कुडत्याचें मला कांहीं विशेष वाटलें नव्हतें, हें वाक्य मात्र लागलें. चोवीस वर्षांची धडधाकट मुलगी, आणि कारखान्यांतल्या कात्रीचा दोष ती आपल्या अंगावर घेत होती! इतिहासाच्या मास्तराला अशा वेळीं दुसरें काय सुचणार? हा ‘अडतीस’ आणि हा ‘मध्यम’ मुळांत आला कोठून, याचा मीं शोध घेऊं लागलों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना नाहीं, कारण लुगड्याला अंगाचें मापच नव्हतें. नऊवारी लुगडें सासूचें सुनेला जाई, थोरलीचें धाकटीला जाई. बाळंतपणापूर्वीं जें नेसावयाचें तेंच नंतरहि. अंग बदललें तर निऱ्या कमीअधिक होत, एवढेंच. चोळीला माप लागे खरें. पण ती पुढें गांठ मारून घालावयाची असल्यामुळें दोन बोटांचा फरक गांठच सांभाळून घेई. शिवाय शिंपी ओळखीचा. तो शिवणींच्या आंत कापड सोडून ठेवी, आणि वर्षा-दोन वर्षांनीं तीच चोळी उसवून सैल करून देई. कारखान्याला हें औदार्य परवडत नाहीं. दहा हजार कपड्यांमागें अर्धा अर्धा इंच वाचविला तर कापडाचे तागेच्या तागे वाचतात.

युरोपांतहि इंचांच्या खुणा असलेली फीत ही अगदीं प्राचीन वस्तु नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिकडचा शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं कागदाची एक लांब पट्टी घेई. छाती, कंबर, बाही जेथें संपे तेथें तिला खांच पाडी, आणि वर नांव लिहून ती खुंटीला लटकावी. त्या पट्टीवर आंकडा नसे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंचांची फीत आली, आणि एका माणसाचें अंग दुसऱ्याच्या अंगाशीं ताडून पाहतां येऊं लागलें. तयार कपड्याचें बीज मला येथें दिसतें.

तें उगवलें मात्र रणांगणाच्या आश्रयानें, आणि तेंहि पुरुषांसाठीं. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धांत लक्षावधि शिपायांना गणवेश पुरवावे लागले. एकेकाचें माप घेऊन शिवणें अशक्य, म्हणून मापांचे गट पाडण्यांत आले. छातीचा घेर कळला कीं बाकीचें अंग साधारण अमुक असावें, हा ठोकताळा पुरुषांच्या धंद्यांत रूढ झाला आणि बराचसा चाललाहि. कोट कसाहि असला तरी पुरुषाच्या अंगावर तो उभा राहतो. याच सुमारास, १८६३ सालीं, मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गांवच्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानें निरनिराळ्या मापांचे कागदी बेत विकावयास काढले. तोंपर्यंतचे छापील बेत एकाच मापाचे असत. घरच्या बाईनें ते आपल्या अंगाप्रमाणें लहानमोठे करून घ्यावेत, अशी अपेक्षा असे. बटरिकनें आरंभ पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांनीं केला, आणि १८६६ पासून स्त्रियांचे बेतहि विकले. पुरुषांकरितां बसविलेला छातीचा ठोकताळा स्त्रियांच्या कपड्यांना लागू झाला तो याच युगांत, आणि पुढच्या साऱ्या घोटाळ्याचें मूळ त्यांत आहे. दोन स्त्रियांच्या छातीचा घेर एक असला म्हणून त्यांची कंबर, खांदा आणि नितंब एकच असावेत, असें कोणत्याहि शिंप्याच्या बायकोनें मानलें नसतें.

न पाहतां कपडा विकत घेण्याची चाल मोबाइलनें आणली, अशी आमच्या घरांतली समजूत होती. ती चाल दीडशें वर्षांची आहे. शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डनें १८७२ सालीं एका पानाची यादी छापून टपालानें माल विकण्यास आरंभ केला, आणि १८७५ पासून ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ अशी हमी दिली. मागाहून सीअर्स-रोबकचीं जाडजूड पुस्तकें आलीं. खेड्यापाड्यांतल्या दारापर्यंत टपाल पोंचविण्याची व्यवस्था १८९६ सालीं सुरू झाली, आणि १ जानेवारी १९१३ पासून सरकारी टपालानें मोठीं पार्सलें जाऊं लागलीं. शेतावर राहणारी बाई पुस्तकांतलें चित्र पाही, मापें पत्रांत लिहून पाठवी, आणि वाट पाही. पुडकें उघडल्यावर तिच्या तोंडावरचा भाव आमच्या कन्येच्या भावाहून वेगळा असेल असें मला वाटत नाहीं. परत आलेल्या झग्याचें टपाल, धुलाई, इस्त्री हा सारा खर्च दुकानाच्या माथीं येई. १९३० नंतरच्या दशकांत हा खर्च असह्य होऊन धंदेवाल्यांनीं शास्त्राचा धांवा केला.

शास्त्र आलें तें अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतून. त्या खात्यांत गृहव्यवस्थेचा एक विभाग होता, आणि त्याच्या वस्त्रशाखेच्या प्रमुख रूथ ओब्रायन नांवाच्या विदुषी होत्या. त्यांच्या शाखेनें आधीं सुमारें १,४७,००० मुलें मोजलीं. मग १९३९-४० सालीं, बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेचा हात धरून, सात संस्थानांत आणि राजधानींत सुमारें १५,००० स्त्रिया मोजल्या. एकेकीचीं अठ्ठावन्न मापें व शिवाय वजन! १९४१ सालीं ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचें सार असें, कीं केवळ छातीवरून स्त्रीच्या अंगाची कल्पना येत नाहीं. उंची आणि वजन हीं दोन मिळून पुष्कळ अधिक सांगतात. पण दुकानांत तराजू ठेवावा तर दुकानदाराची कुरकुर, आणि वजन सांगावयास कोणतीहि बाई राजी होणार नाहीं, ही अडचण अहवाल लिहिणारांनाहि दिसत होती. म्हणून जोड्याच्या नंबरासारखा, अंगाच्या कोणत्याहि मापाशीं संबंध नसलेला आंकडा वापरावा, अशी त्यांनीं सूचना केली. कष्ट प्रामाणिक होते. परंतु एक गोष्ट लपवितां येत नाहीं. गोऱ्या नसलेल्या ज्या स्त्रियांचीं मापें घेतलीं गेलीं, तीं शेवटच्या हिशेबांतून गाळण्यांत आलीं. ज्या कोष्टकांवर पुढें पिढ्यान्‌पिढ्या कपडे बेतले गेले, त्यांच्या पायाशींच ही वगळणूक आहे.

या आंकड्यांतून एक विलक्षण प्रकरण निघालें. त्यांची सरासरी काढून रॉबर्ट डिकिन्सन हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एब्रम बेल्स्की हे शिल्पकार यांनीं ‘नॉर्मा’ नांवाची एक मूर्ति घडविली. १९४५ सालीं ओहायओ संस्थानांतील क्लीव्हलंडच्या एका वृत्तपत्रानें स्पर्धा लावली, कीं जिचें अंग नॉर्माशीं तंतोतंत जुळेल तिला बक्षीस. ३,८६४ स्त्रियांनीं आपलीं मापें पाठविलीं. नऊ मापांपैकीं पांच मापांत जुळणाऱ्या चाळीसहि निघाल्या नाहींत. नऊच्या नऊ मापांत एकहि नाहीं! कोणीहि समंजस माणूस यावरून म्हणेल, कीं मूर्तीच खोटी. पण त्या वेळच्या कित्येक विद्वान् डॉक्टरांनीं अनुमान काढलें तें असें, कीं अमेरिकन स्त्रियांचीं अंगेंच बिघडलीं आहेत. हें वाचतांना मला आमच्या घरच्या आरशासमोरचें वाक्य आठवलें.

टपालानें माल विकणाऱ्यांच्या आग्रहावरून, याच मापांत सैन्यांतील स्त्रियांच्या मापांची भर घालून, १९५८ सालीं एक सरकारी प्रमाणकोष्टक निघालें: ८ पासून ३८ पर्यंतचे सम आंकडे, उंचीचीं निराळीं अक्षरें, नितंबांच्या घेराचीं निराळीं चिन्हें. १९७० सालीं तें सुधारलें आणि १९८३ सालीं मागें घेतलें गेलें. पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती. मग जो तो कारखाना आपल्या मर्जीचा राजा झाला. गिऱ्हाइकाला लहान आंकडा आवडतो, हें ध्यानीं येतांच आंकडा तोच ठेवून कपडा मात्र वाढूं लागला. १९५८ च्या कोष्टकांत ८ या आंकड्याची छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच होती. २००८ च्या एका अमेरिकन कोष्टकांत त्याच ८ चीं मापें पांच ते सहा इंचांनीं फुगलेलीं आढळतात. आजीच्या झग्याचा आंकडा नातीच्या झग्याशीं जुळत नाहीं, तो यामुळें. युरोपांत तर जर्मनीचा ३८ तोच फ्रान्सचा ४० आणि इटलीचा ४४. जर्मनांचा हिशेब मात्र मला मौजेचा वाटला: सेंटिमीटरांतील छातीच्या घेराचें अर्धे करावें आणि त्यांतून सहा वजा करावे, कीं आंकडा तयार.

आपल्या देशांतील कारखान्यांनीं बहुधा परक्यांचींच कोष्टकें थोडीफार फिरवून वापरलीं. भारतीय अंगांचीं मापें घेण्याचें काम निफ्ट या संस्थेनें केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळानें अलीकडे हातीं घेतलें. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतून २५,००० स्त्रीपुरुषांना प्रकाशयंत्रासमोर उभें करून मोजावयाचें, अशी ती योजना. आमच्या नामदेव शिंप्याच्या पंथाला हें काम सुचावयास इतका उशीर लागावा, याचें नवल वाटतें.

तोंवर व्यवहार कसा चालतो, तेंहि पाहून घेतलें. कारखाना एका मध्यम अंगाच्या मुलीवर नमुना बेततो, आणि पुढचे-मागचे आंकडे ठराविक इंचांनीं वाढवीत-घटवीत जातो. म्हणजे नितंब वाढले कीं खांदाहि वाढलाच पाहिजे! आमच्या मुलीचे खांदे तिच्या आजीसारखे अरुंद आणि बाकीचा बांधा आईच्या वळणाचा. तिच्यासाठीं कोष्टकांत घरच नाहीं. आणखी एक गोम अशी, कीं चित्राखालीं छापलेलीं मापें कोठें अंगाचीं असतात, तर कोठें कपड्याचीं. कपडा अंगाहून दोन-चार इंच मोठा असावाच लागतो. त्यामुळें एकाच ३८ चे दोन अर्थ होतात, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हें पुष्कळदां लिहिलेलेंच नसतें.

हें सारें मीं तिला एका रविवारीं सांगितलें. नॉर्माची हकीकत ऐकून ती बराच वेळ हंसली. मग तिनें आपला आवडता, अंगाला नीट बसणारा जुना कुडता जेवणाच्या मेजावर पसरला, आणि त्याचे खांदे, काख, घेर हीं मापें घेऊन चित्राखालच्या आंकड्यांशीं ताडून पाहिलीं. टेप आमच्या घरांत नव्हता. तो शेजारच्या काकूंकडून आणावा लागला. नवा कुडता आला तो नितंबांशीं अचूक होता. खांदे सैलच होते. ते गल्लींतल्या शिंप्यानें दोन दिवसांत आंत घेऊन दिले, आणि घेतांना तिच्या आईला विचारलें, कीं मुलीचे खांदे आजीवर गेले काय.