कास आणि काख : एका वाक्प्रचाराची कुळकथा

‘विज्ञानाची कास धरावी’, ‘सत्याची कास सोडू नये’ अशी वाक्ये मराठी अग्रलेखांत आणि व्याख्यानांत इतकी रुळली आहेत की, त्यांतील कास ही एकेकाळी खरोखर मुठीत धरायची वस्तू होती, याचा सहसा विसर पडतो. धोतराचा किंवा लंगोटाचा कमरेशी आवळून खोचलेला भाग म्हणजे कास. पोहता न येणाऱ्याने पट्टीच्या पोहणाऱ्याची ही कास मागून घट्ट धरायची आणि त्याच्या ओढीने पैलतीर गाठायचा, हे नदीकाठचे जुने तंत्र आहे. आज मूल्यांविषयी बोलताना वापरला जाणारा हा वाक्प्रचार मुळात जीवरक्षणाच्या याच तंत्राचे नाव होता, असे येथे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा मुख्य आधार ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात सापडतो. मृत्युरूपी संसारसागरातून भक्तांना वर काढणारा मीच, या आशयाच्या गीतावचनावर शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, भाष्य करताना ज्ञानदेवांनी बुडणाऱ्यांची चक्क प्रतवारी लावली आहे. जे सडे, म्हणजे एकटे, दिसले त्यांना ध्यानाच्या कासेला लावले. ज्यांच्यामागे परिवाराचा पसारा होता त्यांना तराफ्यावर घातले. आणि कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला काठाला आणले. आध्यात्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवला तर ओढून नेणे, तराफ्यावरून नेणे आणि तरंगणारे साधन बांधून नेणे हे बचावाचे तीन मार्ग येथे क्रमाने आले आहेत, आणि आजच्या जीवरक्षकाच्या शिक्षणातही तेच तीन शिकवले जातात. पेटी म्हणजे नेमके काय, यावर मतभेद संभवतो. परंतु ती पोटाशी बांधायची असल्यामुळे सुक्या भोपळ्यांच्या सांगडीसारखे काही साधन अभिप्रेत असावे, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक ठरते.

या व्युत्पत्तीला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला पक्ष गोठ्यातला आहे. गाईम्हशींच्या सडांच्या वरच्या भागालाही कासच म्हणतात आणि वासरू कासेला लागते, म्हणून आश्रयाचा अर्थ तेथून आला, असे म्हणता येते. हा पक्ष दुबळा नाही. मात्र वासरू कास तोंडात घेते, हाताने धरत नाही, आणि कासेला लागलेले वासरू कोठे पोहोचतही नाही. ‘कास धरणे’ यात ध्येयाकडे नेले जाण्याचा जो अर्थ आहे, त्याचा उलगडा गोठ्यातून होत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते पदर धरणे आणि कास धरणे ही एकाच वळणाची रूपे असून दोन्हींत वस्त्र धरून विनवणे एवढेच आहे. परंतु पदर धरणारा काही मागत असतो, तर कास धरणारा स्वतःचा सारा भार दुसऱ्यावर सोपवून त्याच्या गतीने जात असतो. आणि माणूस असा भार टाकतो तो पाण्यात. कास कमरेशीच असते याविषयी तर शंका नकोच, कारण तुकारामांच्या विठ्ठलाचा पीतांबर कासेलाच आहे.

खरी गंमत शब्दाच्या घराण्यात आहे. संस्कृतात कक्ष म्हणजे बगल आणि कक्षा किंवा कक्ष्या म्हणजे कमरेचा पट्टा. संस्कृतातील ‘क्ष’ प्राकृतात कधी ‘ख’कडे तर कधी ‘छ’कडे झुकला, आणि मराठीने त्या ‘छ’चा पुढे ‘स’ किंवा ‘श’ केला. म्हणून इक्षु, मक्षिका आणि कुक्षी यांची हिंदीत ईख, मक्खी आणि कोख झाली असताना मराठीत ऊस, माशी आणि कूस झाली. याच वाटेने कक्षेची कास झाली. बगलेचा कक्ष मात्र ‘ख’च्या वाटेने जाऊन काख झाला. कास आणि काख या अशा सख्ख्या बहिणी ठरतात आणि जीवरक्षणाचा पुढचा इतिहास म्हणजे एकीकडून दुसरीकडे झालेला प्रवास होय.

मधल्या सहा शतकांचा पल्ला एका वाक्यात ओलांडावा लागतो, कारण नद्यांचे उतार असतील तेथे हे तंत्र टिकलेच असणार. पुढचा ठळक टप्पा ऑस्ट्रेलियात आहे. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर फेब्रुवारी १९०७ मध्ये स्वयंसेवकांचा लाटस्नान-जीवरक्षक क्लब स्थापन झाला. शेजारचा ब्राँटे क्लब १९०३ सालचा दावा सांगून पहिलेपणाचा मान मागतो. या क्लबांचे प्रसिद्ध साधन म्हणजे वाळूवर ठेवलेले दोरखंडाचे मोठे रीळ. एक जण अंगाला पट्टा बांधून लाटांत शिरे, पट्ट्याला दोर जोडलेला असे, आणि बुडणारा हाती लागताच किनाऱ्यावरचे सोबती दोघांनाही ओढून आणत. कास येथे पुन्हा अवतरली. फरक एवढाच की, आता ती किनाऱ्यानेच धरली होती. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी बाँडायला लाटांनी शेकडो लोकांना आत ओढले, तेव्हा भेदरलेले लोक या दोरांनाच लोंबकळले आणि बचावाचा खोळंबा झाला. सुमारे अडीचशे जण वाचले, पाच दगावले. बुडणाऱ्याच्या मुठीत काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हा प्रश्न त्या रविवारी ठळक झाला.

आज ऑस्ट्रेलियातील स्वयंसेवक जीवरक्षकाला प्राथमिक पदक मिळवण्यासाठी चारशे मीटर अंतर नऊ मिनिटांच्या आत पोहावे लागते, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची क्रिया आणि हातवाऱ्यांचे संकेत शिकावे लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी लाल-पिवळ्या निशाणांमधल्या पाण्यावर पहारा द्यावा लागतो. लाटांतील बचावाचा मुख्य धडा मात्र असा की, घाबरलेल्याला स्वतःला मिठी मारू द्यायची नाही, आधी तरंगती नळी त्याच्यासमोर धरायची आणि मग ती त्याच्या दोन्ही काखांखालून गुंडाळायची. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेल्या ‘दृष्टी’ या संस्थेच्या पगारी जीवरक्षकांकडेही हीच नळी असते. बुडणाऱ्याने कास धरण्याऐवजी वाचवणाऱ्याने काख धरावी, असा हा पालट आहे.

पुण्याच्या नारायण पेठेत कास या शब्दाची दोन्ही आयुष्ये, लाक्षणिक आणि पाण्यातले, हाकेच्या अंतरावर नांदतात. लाक्षणिक कास जेथे शोभावी तो केसरीवाडा, अग्रलेखांचे माहेर, याच पेठेत आहे, आणि पेठेची पश्चिम बाजू मुठा नदीला टेकलेली आहे. खडकवासला धरणातून मोठ्या प्रमाणात पाणी सोडले की नदीवरचा भिडे पूल बुडतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने हा सारा काठ धुऊन नेला होता. गणेश विसर्जनाच्या दिवशी अष्टभुजा मंदिराजवळ आणि बापू घाटावर महापालिकेचे जीवरक्षक दोर आणि तरंगती साधने घेऊन उभे असतात. समुद्र नसलेल्या गावातला हाच किनारा होय.

काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याची म्हण या शोधालाही लागू पडते, कारण कासेचे कूळ शोधता शोधता पुढचे तंत्र तिच्या बहिणीच्या नावात सापडले. भाषेने जुने तंत्र जपले म्हणून ते पाण्यात वापरावे, असे मात्र नाही. येत्या अनंत चतुर्दशीला घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून कोणी घसरला, तर वाचकाने स्वतः उडी न घेता जीवरक्षकाला हाक द्यावी, दोर, बांबू किंवा उपरण्याचे टोक बुडणाऱ्यापुढे करावे आणि आपली कास त्याच्या हातापासून दूर ठेवावी.