हरळी आणि हिरवळ

आजचा विषय तसा घरगुती आहे. बंगल्यापुढची हिरवळ, आपण जिला सरळ 'लॉन' म्हणतो ती. ती आपल्याकडे आली कुठून आणि इथल्या मातीत जगवायची कशी, हे दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेणार आहे. कारण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात सापडतं.

आधी आपलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. पुढे अंगण, त्यात तुळशीवृंदावन, मागे परसबाग. अंगण चोपलेलं, शेणाने सारवलेलं. तिथे गवत उगवलं तर खुरपं घेऊन काढायचं. विंचू-सापाची भीती होती, शिवाय धान्य वाळवायला आणि उन्हाळ्यात निजायला मोकळी जागा हवी असायची. गवत गुरांसाठी, आणि त्याची जागा माळावर. मोगल बागांतसुद्धा भर होता तो पाण्याचे पाट, फळझाडं आणि फुलं यांवर. ताजमहालापुढे आज जी मोकळी हिरवळ दिसते, ती बरीचशी लॉर्ड कर्झनच्या काळातल्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फेरबदलांची देणगी.

मग ही कल्पना कुठली? इंग्लंडमधल्या जमीनदारांची. ज्या जमिनीतून काही पिकत नाही ती राखायला माणसं ठेवता येणं, यातच दिमाख होता. गवत कापायला मजूर किंवा चरायला मेंढ्या लागत. १८३० साली एडविन बडिंग या कारागिराने कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र बघून गवत कापायचं यंत्र तयार केलं, आणि हळूहळू हा दिमाख मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला.

आता एक गंमत सांगतो. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला ७०० च्या वर! म्हणजे पुण्याचा पाऊस कमी आहे असं नाही. फरक एवढाच की लंडनचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इंग्रजांनी छावण्या वसवल्या, बंगले बांधले, तेव्हा हिरवळीची हौस बरोबर आणली. हवामान काही आणता आलं नाही. थंड देशातलं गवत आपल्या वैशाखात तग धरत नाही. मग साहेबाच्या बंगल्यापुढे लावलं काय? तर आपली हरळी.

ही हरळी म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. पण शेतकऱ्याला विचारा! काळ्या रानात हरळी शिरली की तिच्या काशा खोल जातात. नांगरून, वेचून, जाळून माणूस थकतो, आणि एक तुकडा मागे राहिला तरी पुन्हा फुटते. देवघरात मान, शेतात वैरी, आणि बंगल्यापुढे शोभा, असं हे एकच गवत. अमेरिकेत त्याला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात, पण ते मूळचं बर्म्युडाचं नाही, जुन्या जगातलंच आहे.

आपल्याकडच्या उद्यानविद्येत हरळी लावायची एक पद्धत शिकवतात. हरळी मुळांसकट बारीक चिरायची, शेण-मातीत कालवायची आणि ओल्या जमिनीवर त्याचा जाडसर थर द्यायचा. पंधरवड्यात कोंब दिसू लागतात. म्हणजे बघा, साहेबाची हिरवळसुद्धा आपण अंगणासारखी सारवूनच उभी केली!

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, हौस राहिली. आज शहराबाहेरच्या रस्त्यावर 'मंगल कार्यालय व लॉन्स' अशा पाट्या दिसतात. लॉन म्हणजे लग्नाची जागा, इथवर शब्द रुळला.

आता हिशेब मांडू. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर रोजचे ५०० लिटर झाले. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनांमध्ये माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे जवळपास चार माणसांचं पाणी एका गुंठ्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. मैदानावरच्या गवताला पाणी द्यायचं की माणसांना, हा प्रश्न थेट न्यायालयात उभा राहिला होता.

मग हिरवळ लावूच नये का? माझं म्हणणं तसं नाही. हरळी लावा, पण तिच्या पंचांगाने वागा. पावसाच्या तोंडावर लावा, म्हणजे रुजायला विकतचं पाणी लागत नाही. काळी माती असेल तर निचऱ्यासाठी वाळू आणि शेणखत मिसळा, कारण पाणी साचलं की मुळं गुदमरतात. आंब्याच्या सावलीत तिचा हट्ट धरू नका, तिला ऊन लागतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, आणि उन्हाळ्यात थोडी उंचच राहू द्या.

आणि चैत्र-वैशाखात ती पिवळी पडली तर घाबरू नका. वरून वाळली तरी काशा जमिनीत जिवंत असतात. मृगाच्या सरी आल्या की आठवड्याभरात तीच हिरवी होते. बारा महिने हिरवं दिसलंच पाहिजे, हा नियम दुसऱ्या देशाच्या पावसाने घातलेला आहे. दख्खनच्या हिरवळीचा रंग वर्षातले काही महिने पिवळाच असायचा.